म्हापशातला जुन्या पुस्तकांचा गाळा : सोळा पानं कमी, तरी चार तारे

शुक्रवारच्या बाजारात चोरिस आणि सुक्या मिरचीच्या वासातून वाट काढत गेलं, की एका कोपऱ्यात हा गाळा लागतो. पाटी नाही. मालक जुन्या बनियनने पुस्तकं पुसत बसलेला. "भाई, हें पळयात," म्हणत त्याने र्‍युक्यूच्या, म्हणजे आजच्या ओकिनावाच्या, इतिहासाचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक पुढे केलं. दोनशे सांगितले, दीडशेला दिलं.

घेतलं ते आपल्या पोर्तुगीजांपायी. मलाक्काच्या बंदरात येणाऱ्या ज्या व्यापाऱ्यांना ते 'लेकिओ' म्हणत, ते हेच लोक. पण अडकलो हानेजी चोशूपाशी. राजघराण्यातला माणूस, जन्म १६१७चा. शो शोकेन हे त्याचंच चिनी वळणाचं नाव. त्याआधी १६०९मध्ये सात्सुमा या दक्षिण जपानमधल्या सरदारी प्रांताच्या फौजेने राजालाच धरून नेलेलं. तेव्हापासून सात्सुमाला कर भरायचा आणि चीनच्या दरबारी नजराणेही पाठवायचे. १६५०मध्ये याने राज्याचा पहिला इतिहास लिहिला, 'चूझान सेइकान'. १६६६मध्ये तो सेस्सेइ झाला, म्हणजे राजाच्या खालोखाल कारभार पाहणारा.

मी तीस वर्षं सरकारी लेखा खात्यात लोकांची बिलं कापली, त्यामुळे हा गडी मला लगेच आपला वाटला. समारंभांचा खर्च त्याने छाटलाच, पण कुदाका या पवित्र बेटाची खुद्द राजाची वारीही थांबवली; राजाऐवजी अधिकारी जाऊ लागला. देवाच्या नावावरचं बिल नामंजूर करायला छाती लागते. आमच्या वाड्यावर चवथीला माटोळी, म्हणजे गणपतीवरचं फळापानांचं छत, जरा लहान बांधा असं म्हणून बघा!

आणि ऐन इथेच घोळ. त्याच्या कारभाराची सात वर्षं रंगात आली आणि पुढचा अख्खा फर्माच, म्हणजे एकत्र शिवलेल्या सोळा पानांचा जुडगा, गायब. शिवण शाबूत, म्हणजे बांधणीतच राहून गेलेला. १६७३मध्ये तो पायउतार झाला, हे मला भाच्याच्या मोबाईलवर वाचावं लागलं.

पुढच्या शुक्रवारी पुस्तक दाखवलं. मालकाने हुज्जत न घालता पन्नास रुपये काढून दिले, वर पुस्तक परत घेऊ का, असंही विचारलं. मी नाही दिलं.

जायचं तर सकाळी नऊच्या आत जा, दुपारी बसायला स्टूलही मिळत नाही. पैसे देण्याआधी पानांचे आकडे मोजा. सुट्टे न्या.