श्रीखंड: साखर की स्टीव्हिया?

बडोद्यात दांडिया बाजारातल्या मराठी घरांत श्रीखंड, शेजारच्या गुजराती घरांत मठो. चक्का दोन्हीकडे लागतोच, आणि बिनसाखरेची मागणीही आता दोन्हीकडे आहे.

१ किलो चक्क्याला ७०० ग्रॅम साखर घातली की पावणेदोन किलोच्या आसपास श्रीखंड होतं. स्टीव्हिया, म्हणजे त्याच नावाच्या झाडाच्या पानांचा अर्क, साखरेच्या २०० ते ३०० पट गोड, म्हणून सव्वादोन ते साडेतीन ग्रॅम पुरते. पण श्रीखंड मात्र जेमतेम किलोभरच. हिशेब इथेच चुकतो! साखर नुसती गोडी देत नाही, वजन, चकाकी आणि टिकाऊपणाही देते, कारण ती पाणी बांधून ठेवते. बिनसाखरेचं फ्रिजमध्ये ठेवून तीन दिवसांत संपवावं.

श्रीखंडाला भरीवपणा यावा म्हणून ५० ग्रॅम इन्युलिन (चिकोरीच्या मुळातला तंतुमय पदार्थ) घालावं. जास्त झालं तर पोटात वायू धरतो. एरिथ्रिटॉल, म्हणजे साखरेसारखा दाणेदार गोड पदार्थ, १०० ग्रॅमपर्यंतच, पूर्ण विरघळवून. थंडीत त्याची विद्राव्यता घटते आणि जास्त घातलं तर श्रीखंड रवाळ लागतं. जिभेला गारवाही येतो, जो श्रीखंडात खपून जातो.

स्टीव्हिया कोरडी टाकू नये, गाठीत कडू घास येतो. केशराच्या कोमट दुधात विरघळवून मग पुरणयंत्रात फिरवावं. स्टीव्हियाच्या प्रकारांत रेब-ए स्वस्त, पण मागून ज्येष्ठमधासारखी चव रेंगाळते. रेब-एम महाग, पण चवीला स्वच्छ.

चक्का मात्र उन्हाळ्यात फ्रिजमध्येच टांगावा. आंबट चक्क्याला साखर सावरून घेते, स्टीव्हिया नाही. सणाच्या पंगतीला साखरच. मधुमेह्यासाठी वेगळी वाटी. लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, मात्र दोन्हीत असतंच.