कलादालनातील इंटर्नशिप: दर्शनी भिंतीपेक्षा भांडार सरस

पदव्युत्तर अभ्यासक्रमातील ऑन जॉब ट्रेनिंगचे श्रेयांक मिळवण्यासाठी मी मुंबईतील एका महाविद्यालयाच्या कलादालनात इंटर्नशिप केली. कलादालन म्हटले की जहांगीरमधल्यासारख्या उजळलेल्या भिंती डोळ्यांपुढे येतात. इथे शिकण्यासारखे जे काही आहे, ते मात्र भिंतीमागच्या भांडारात आहे आणि या इंटर्नशिपची मी शिफारस करते तीही केवळ त्याच्या जोरावर.

भांडारात प्रामुख्याने जुन्या विद्यार्थ्यांची जलरंगचित्रे आणि लिथोग्राफ, म्हणजे दगडावरून छापलेली चित्रे, आहेत, आणि आमच्या वाट्याला काम आले ते त्यांच्या स्थितिनोंदीचे. चौकटीमागचे प्लायवूड उतरवले की पुष्कळदा कागदावर लाकडाच्या रेषांसह तपकिरी छाप उमटलेली दिसे, कारण लाकडातील आम्ल वर्षानुवर्षे कागदात उतरत राहते. बुरशी, तांबूस ठिपके, कसरीने कुरतडलेल्या कडा यांतील प्रत्येक दोष चित्राच्या छायाचित्रावर वेगळ्या खुणेने दाखवायचा आणि दाखल क्रमांक मागच्या कोपऱ्यात मऊ शिसपेन्सिलीने लिहायचा, शाईने कदापि नाही. कागदावरचे काम हाताळताना सुती हातमोजे न घालता हात स्वच्छ धुऊन, पूर्ण कोरडे करूनच ते उचलावे, हा तेथील दंडक. मोज्यातून कागदाची कड बोटांना जाणवत नाही आणि ती सहज दुमडते. हे सारे शिकवणाऱ्या अभिरक्षक बाई फारशा बोलत नसत, पण चुकीच्या धरलेल्या चित्राकडे त्यांचे लक्ष बरोबर जाई.

प्रकाशाबाबतही त्या तितक्याच काटेकोर होत्या. जलरंगांसाठी ५० लक्स (लक्स हे प्रकाश मोजण्याचे एकक) आणि तैलचित्रांसाठी सुमारे २०० लक्स ही मर्यादा त्या मोजमापयंत्राने तपासून घेत, मग ‘फार अंधार आहे’ अशी पाहुण्यांची तक्रार आली तरी बेहत्तर. या शिस्तीला हवेच्या बाबतीत मात्र तडा जातो. आर्द्रता बराच काळ ६५ ते ७० टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते, हे ठाऊक असूनही पावसाळ्यात वातानुकूलन कार्यालयीन वेळ संपताच बंद केले जाई. त्यामुळे दिवसा कोरडे पडणारे कागद रात्री पुन्हा दमट होत, आणि अशी रोजची चढउतार कागदाला चांगलीच भोवते. वीजबिलाची अडचण समजते, पण मग ज्याची नोंद करायची ते नुकसान आपणच वाढवत आहोत, हे दालनाने मान्य करावे.

प्रदर्शनाच्या मांडणीत विद्यार्थ्यांना जवळपास स्थान नाही. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण पाच फुटांवर यावा म्हणून फीतपट्टी धरणे आणि पाणसळ लावून चौकट सरळ करणे आम्ही केले. कोणते चित्र कोणाशेजारी लागावे, या चर्चेत मात्र आम्हांला बोलावले नाही. चित्रांखालच्या पाट्या फक्त इंग्रजीत होत्या. मराठी पाट्या लिहून देण्याची आमची तयारी ‘पुढच्या वेळी पाहू’ या उत्तरावर थांबली. उद्घाटनाच्या दिवशी खुर्च्या मांडणे आणि पुष्पगुच्छ सांभाळणे हेही इंटर्नशिपमध्येच मोडते, असे दिसते.

विद्यावेतन नाही, प्रवासखर्चही नाही. जतन, नोंदणी किंवा संग्रहालयशास्त्राकडे वळू इच्छिणाऱ्यांनी तरीही इथे यावे; प्रदर्शन-नियोजन शिकायचे असेल त्यांनी एखाद्या खासगी दालनाचा विचार करावा. यायचे ठरल्यास अर्ज पावसाळ्याच्या तोंडावर करावा, कारण भांडाराची तपासणी त्याच महिन्यांत होते, आणि निदान एका भिंतीची मांडणी विद्यार्थ्यांकडे राहील असे रुजू होण्यापूर्वी लेखी मागून घ्यावे.