आईला मदत हवी आहे, पण कोणती?

आमच्या आईच्या स्वयंपाकघरात कॅलेंडरवर दुधाचा हिशेब असतो. रोज अर्धा लिटर, जादा घेतलं तर कोपऱ्यात बारीक आकडा. दिवाळीनंतर गेलो तेव्हा नऊ तारखेपुढचे सगळे चौकोन कोरे होते. फ्रिजमध्ये दुधाच्या पाच पिशव्या, त्यातल्या दोन फुगलेल्या. फोनवर मात्र रोज "माझं छान चाललंय" हेच.

वयावरून ठरवू नका, कोणतं काम सुटतंय ते बघा. गोळ्या, पैसे, बिलं, स्वयंपाक ही कामं सहसा आधी निसटतात. आंघोळ, कपडे, संडासला जाणं नंतर. पण माणूस दोन दिवसांत एकदम बावरल्यासारखं झालं, तर बाई शोधण्याआधी डॉक्टर गाठा. लघवीचं इन्फेक्शन किंवा रक्तातलं सोडियम उतरणं, यानंही असं होतं आणि उपचारानं माणूस सावरतं.

फक्त पहिली कामं सुटत असतील तर सकाळी दोन-तीन तास येणारी, ओळखीतली बाई पुरते. गोळ्या समोर बसून घ्यायला लावते, ताजी पोळीभाजी होते. घर, शेजार, भजनी मंडळ सगळं आईचं आईकडेच राहतं, आणि माझ्या मते हे फार मोलाचं आहे. उणीव म्हणजे रात्र.

आंघोळीला, उठण्याबसण्याला हात द्यावा लागत असेल तर ब्यूरोची, म्हणजे घरी सांभाळायला माणसं पुरवणाऱ्या संस्थेची, बारा किंवा चोवीस तासांची बाई. खर्च कितीतरी पट वाढतो, ती सुट्टीवर गेली की बदली बाई येते, आणि आईला पुन्हा नव्या माणसाशी जुळवून घ्यावं लागतं. पोलीस पडताळणी करून घ्या. पहिला आठवडा घरातलं कोणीतरी तिथे राहाच. इंजेक्शन, कॅथेटर (लघवीची नळी) हे तिचं काम नव्हे, त्याला नर्स लागते.

आपल्या घरी आणणं मनाला सगळ्यात बरं वाटतं. पण आपण दोघं कामावर, मुलं शाळेत, म्हणजे सातव्या मजल्यावर आई दिवसभर एकटीच. विसरायला लागलेल्या माणसाला नव्या घरात रात्री बाथरूमचं दारही सापडत नाही. गॅस उघडा राहत असेल किंवा आई पुन्हापुन्हा पडत असेल, तर मात्र मी हाच विचार करीन.

पडण्याचा अंदाज घरीच घेता येतो. खुर्चीतून उठायचं, नेहमीच्या चालीनं तीन मीटर जायचं, वळून परत येऊन बसायचं. 12 सेकंद किंवा जास्त लागले तर धोका धरतात. आईला 14 लागले.

सध्या सकाळची बाई ठेवली आहे. बाथरूममध्ये धरायला दांडा बसवला, पलंगापासून तिथपर्यंत रात्रभर दिवा, शेजारच्या काकूंकडे किल्ली. एकदा जरी पडली तरी चोवीस तासांची बाई, असं भावाशी बोलून ठेवलंय. आईलाही ते सांगितलंय.