जुना सराउंड हेडफोन मेला, नवा आणला: आठ महिने वापरल्यावर

मागच्या दिवाळीच्या आधी नवा हेडफोन घेतला तेव्हाच लिहिणार होतो, पण आठ दिवसांत लिहिलेल्या रिव्ह्यूवर माझा स्वतःचाच भरोसा नाही, आठ दिवस सगळंच भारी वाटते. म्हटलं एक उन्हाळा जाऊ द्या. आमच्या इकडं, म्हणजे अमरावतीकडच्या दर्यापूर तालुक्यात, वस्तू टिकणारी आहे का नाही हे उन्हाळाच सांगते. आता नवतपा पण गेला, म्हणून लिहायला बसलो.

आधी जुन्याचं सांगावं लागन. २०२१ मध्ये घेतला होता, यूएसबीवाला, खोक्यावर मोठ्ठ्या अक्षरात ७.१ सराउंड, आणि दोन्ही कपांवर लाल लाईट, जो डोक्यावर घातल्यावर मला कधीच दिसला नाही, फक्त आईला दिसायचा. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही, जुन्याचंही नाही आन् नव्याचंही नाही. मॉडेल दर वर्षी बदलते, रोग मात्र सगळ्यांचे सारखेच आहेत, त्यामुळं रोगाबद्दलच बोलू.

पहिला रोग कानाच्या गाद्या. दुसऱ्या उन्हाळ्यातच रेक्झिन सोलायला लागलं. आंघोळ करून, भांग पाडून लग्नाला गेलो तरी कानामागं काळे कण, आणि चारचौघांत आई म्हणते, "काय रे, कानाले काय लागलं तुह्या, बुरशी आली काय?" हे जे रेक्झिन असते ना, ते म्हणजे कापडावर प्लास्टिकचा पातळ थर. उष्णता, घाम आणि दमट हवा मिळाली की तो थर आतून सुटते आणि पापुद्रे निघतात. आणि आमच्या इथं उन्हाळ्याचे तीन महिने मी कूलरच्या तोंडापुढं बसून खेळतो, म्हणजे बाहेर ४५ डिग्री आणि कानावर दमट हवा, वरून घाम. गादी टिकणार कशी?

मग पट्टा तडकला, जिथं लहानमोठा करायची पट्टी सरकते तिथंच. एम-सील लावलं, त्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली, दिसायला भंगार पण चालला अजून सहा महिने. खरा जीव गेला वायरीनं. डावा कान मधून मधून बंद, वायर एका कोनात वाकवून रबर लावलं की चालू. तालुक्याला टीव्ही दुरुस्तीवाल्या दादाकडं नेला. त्यानं वायर सोलली, आत केसांसारख्या तारा, एक हिरवी, एक लाल, एक तांब्याच्याच रंगाची. त्या तारांवर वार्निशसारखा थर असते, त्यामुळं सोल्डर धरतच नाही. दादानं आधी लायटरनं टोकं जाळली, ब्लेडनं अलगद खरवडली, तेव्हा कुठं शिशाचा थेंब चिकटला. मी शेजारी बसून पाहून राहिलो होतो, हात कसा स्थिर माणसाचा! चाळीस रुपये घेतले. चार महिने चालला आणि मग दुसऱ्या टोकाला, यूएसबीच्या मानेशी तुटला. तेव्हा मी हात जोडले.

नवा घेताना त्यामुळं सराउंड वगैरे नंतर, आधी तीन गोष्टी पाहिल्या. वायर दोन्ही टोकांना काढता-लावता आली पाहिजे, गाद्या निघाल्या पाहिजेत आणि त्या सुट्या मिळाल्या पाहिजेत, आणि वजन कमी. वायरलेसचा विचार केला होता. पण ब्लूटूथवर गेममध्ये आवाज उशिरा येते, आणि माईक चालू केला की गेमचा आवाज फोनवर बोलल्यासारखा चपटा होते, ज्यानं वापरलं त्याले माहीत आहे. डोंगलवाला, म्हणजे पीसीला यूएसबीचा छोटा तुकडा लावायचा तो २.४ गिगाहर्ट्झचा वायरलेस चांगला असते पण त्याची बॅटरी बसली की ती बदलणार कोण, टीव्हीवाला दादा?

गावाच्या पिनकोडवर डिलिव्हरी नाही म्हणून मामाच्या मेडिकलचा पत्ता टाकला. ४,७९९ ला पडला. आणल्याबरोबर पहिलं काम म्हणजे दोन्ही हेडफोन किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवले. जुना ३६५ ग्रॅम, नवा २७८. दुकानदार म्हणे भाव काय लावला. हसण्यावारी नेऊ नका, दोन तासांनी डोक्याच्या टाळूवर जो दगड ठेवल्यासारखा वाटायचा तो या ८७ ग्रॅमचा होता.

आता सराउंडबद्दल, ज्यासाठी बरेच जण पैसे टाकतात. ७.१ म्हणजे सात स्पीकर आणि एक सबवूफर. आता तुमच्या हेडफोनचा कप उघडून पाहा, दोन्हीकडं एकेकच ड्रायव्हर, म्हणजे आतला स्पीकर, दिसन, माझ्यात ५० एमएमचा आहे. बाकीचे सहा स्पीकर कुठं गेले? ते सॉफ्टवेअरमध्ये आहेत. माणसाला आवाजाची दिशा समजते ती दोन कानांतल्या फरकावरून. उजवीकडचा आवाज डाव्या कानाला जास्तीत जास्त अर्ध्यापाऊण मिलीसेकंदानं उशिरा पोचते आणि थोडा दबून पोचते, आणि समोरचा का मागचा हे कानाच्या पाळीच्या घडीतून आवाज कसा बदलते त्यावरून मेंदू ताडते. हाच फरक सॉफ्टवेअर नकली तयार करते, त्याले एचआरटीएफ म्हणतात. प्रत्येकाच्या कानाचा आकार वेगळा, म्हणून एकाला सराउंड जबरदस्त वाटते आणि दुसऱ्याला डब्यात बसल्यासारखं. दोघंही खरं बोलतात.

माझी चूक अशी की चार वर्षं मी ७.१ चं बटण दाबून व्हॅलोरंट हा गोळीबाराचा गेम खेळलो. त्या गेममध्ये २०२१ पासून स्वतःचं एचआरटीएफ सेटिंगमध्ये आहे. म्हणजे गेमनं एकदा दिशा घातली, हेडफोननं त्यावर पुन्हा घातली, आणि पावलांचा आवाज टिनाच्या गोदामात कोणी चालल्यासारखा. नव्या हेडफोनसोबत जे छोटं यूएसबी साउंड कार्ड आलं त्याचं ७.१ बंद केलं, साधा स्टिरिओ ठेवला, गेममधलं एचआरटीएफ चालू केलं. पहिल्या दिवशी मजाच नाही आली, आवाज कोरडा वाटला, चार दिवसांनी पुण्याचा दोस्त म्हणे भाऊ तुले आजकाल माणूस येण्याच्या आधीच कसा समजते बे. ज्या गेममध्ये असं काही नाही तिथं विंडोजमधलं फुकटचं विंडोज सॉनिक लावून पाहा, खाली स्पीकरच्या चिन्हावर राईट क्लिक करून साउंड सेटिंगमध्ये गेलं की सापडते. एका वेळी एकच लावायचं, बस. पिक्चर ५.१ चा असला तर मात्र मी बटण दाबतो, तिथं चांगलं वाटते.

नवीन असताना एक त्रास झाला त्यात हेडफोनची काहीच चूक नव्हती. पीसीच्या समोरच्या जॅकमध्ये लावला की घूंऽऽ असा आवाज, कॅबिनेटला हात लावला की कमी, सोडला की परत. परत पाठवायचा म्हणून खोकं बांधलं होतं. मग लाईटचं काम करणारा काकाजी घरी आला होता तो म्हणे अर्थिंगले पाणी कधी टाकलं होतं? घरामागच्या अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा भरलेला, वर तुळशीची तुटकी कुंडी ठेवलेली, दोन वर्षं कोणी पाहिलं नव्हतं, माती भेगाळलेली. दोन बकेट पाणी ओतलं. संध्याकाळी घूं नव्वद टक्के गेला, उरलेला यूएसबी कार्डवर लावल्यावर गेला. एप्रिलमध्ये पुन्हा आला, पुन्हा पाणी. आता दर रविवारी टाकतो, आईला वाटते मी झाडं लावून राहिलो.

माईक निघणारा आहे, ओठाच्या कोपऱ्यापासून दोन बोटं ठेवला की आवाज स्वच्छ जाते. पण कूलर! मोठा लोखंडी कूलर, पंपाचा खडखडाट वेगळा. दोस्त म्हणतात तुह्या घरी विमान उतरून राहिलं काय. डिस्कॉर्ड, ज्या ॲपवर आम्ही खेळताना बोलतो, त्यातलं आजूबाजूचा आवाज गाळणारं क्रिस्प चालू केलं की कूलर गायब होते, कधी कधी माझ्या वाक्याचं शेपूटही गायब होते, चालते तेवढं. दुसरी भानगड अशी की कूलरवर मात करायला आपण आवाज वाढवत जातो आणि कळतही नाही. ८० डेसिबलला आठवड्यात ४० तास ही मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेनं मोठ्या माणसांसाठी सांगितली आहे, त्याच्यावर गेलं की तास भराभर कमी होतात. मी विंडोजमधला आवाज हिवाळ्यात ३५ वर ठेवत होतो आणि मे महिन्यात पाहतो तर ६२ वर. तेव्हापासून कूलर खिडकीबाहेर सरकवला.

गाद्यांचं सांगतो. सोबत दोन जोड्या आल्या, एक रेक्झिनची, एक कापडी. हिवाळाभर रेक्झिन, मार्चपासून कापडी. कापडी लावली की ढोल-धमाका जरा हलका होते कारण कापडातून आवाज निसटते, पण कान शिजत नाही. मे संपेपर्यंत ती घामानं कडक झाली, साबणाच्या पाण्यात धुतली, सावलीत वाळवली, पुन्हा मऊ. रेक्झिनवाली जोडी कापडात गुंडाळून कपाटात ठेवली होती तरी एका बाजूला बारीक सुरकुत्या दिसून राहिल्या. म्हणजे न वापरताही तिचं आयुष्य चालूच असते.

आणि आता वायर निघते त्याचा फायदा कुठं झाला ते ऐका. डिसेंबरात हरभऱ्याला पाणी सुरू होतं, आमच्या फीडरला, म्हणजे शेतीच्या विजेला, त्या आठवड्यात रात्रपाळीची लाईन. लाईन आली की शेताजवळ राहणारे काकाजी बाबांना फोन करतात आणि बाबा मला हाक मारतात, मग दोघं गाडीवर जातो, कारण रानडुकरं आहेत. कप बंद पद्धतीचे, गेममधली पावलं बरोबर ऐकू येतात, घरातल्या बाबांची येत नाहीत. तीन हाका मारल्या म्हणे. शेवटी त्यांनी दारात येऊन खोलीचा लाईट चालू-बंद केला. मी दचकून उठलो तो खुर्चीचं चाक वायरीवर, ताण बसला आणि पिन कपातून टप करून निघून आली. जुना असता तर त्याच रात्री तुटला असता. बाबा काही बोलले नाहीत, फक्त टॉर्च हातात दिला. पार शेताच्या धुऱ्यावर पोचेपर्यंत बोलले नाहीत. त्या दिवसापासून रात्रपाळीच्या आठवड्यात बाबांना सांगून ठेवलं, हाक मारू नका, रिंग द्या, आणि फोन व्हायब्रेटवर मांडीवर ठेवून खेळतो.

खोडी काढायच्या तर आहेत. सोबतची वायर कापडी विणीची आहे, जमिनीवर घासून तिचे धागे निघाले आणि मांजर तेच ओढते. आवाजाचं चाक वायरीवर आहे, ते फिरवताना पाचव्या महिन्यापासून खरखर येते, म्हणून ते फुल्ल ठेवून आवाज विंडोजमधूनच कमीजास्त करतो. चष्मा घालणाऱ्यांनी आधी लावून पाहावा, मला दोन तासांनी काडी टोचते. वॉरंटी एक वर्षाची आहे, त्यात गाद्या येत नाहीत, हे खोक्याच्या तळाला बारीक अक्षरात लिहिलं आहे, आणि मी ते वाचलं नवव्या महिन्यात पाऊल टाकताना.

जुना फेकला नाही. टीव्हीवाल्या दादाकडून यूएसबीचं टोक पुन्हा जोडून घेतलं, गाद्यांच्या जागी आईनं जुन्या टी-शर्टच्या दोन खोळी शिवल्या. चुलतभाऊ पोलीस भरतीचे लेक्चर ऐकते त्यावर, माझ्या दुकानात दुपारी गिऱ्हाईक नसलं की. लाल लाईट अजून लागते. कापडी गाद्यांची अजून एक जोडी मागवली आहे ४५० ला, मामाच्या मेडिकलला येऊन पडली आहे, रविवारी सरकीचं बियाणं आणायला जाईन तेव्हा घेऊन येतो.