पहाटेचे गिर्यारोहक टिपायचे: दोरावर राहून की दुरून?

हिमशिखर चढणाऱ्यांचे पहाटेचे फोटो काढायचे तर एक तर छातीशी २४-१०५ लेन्सचा कॅमेरा बांधून, ते सगळे ज्या दोराने एकमेकांना बांधून घेतात त्याच दोरावर चालायचं, नाहीतर दूरचं टिपणारी ७०-२०० लेन्स घेऊन समोरच्या धारेवर ठाण मांडायचं. मी दोन्ही केलंय.

दोरावरच्या फोटोंत जी धग असते ती दुरून येत नाही, हे खरंच. पापण्यांवर गोठलेले हिमकण, हेडलॅम्पच्या झोतातली श्वासाची वाफ, हे पलीकडच्या धारेवरून कुठलं दिसायला?

माझं गाडं अडलं ते थांबण्यापाशी. हिमनदीवर दोर ढिला सोडून चालत नाही. कुणी हिमभेगेत गेलाच तर तो फार खाली जाता कामा नये. मी मधला. कॅमेऱ्याला हात घातला की पुढच्याच्या कमरेला हिसका आणि मागच्याचा दोर बर्फावर लोळतोय. एक-दोनदा लोक चालवून घेतात, मग पुढची मान नुसती वळते आणि काय ते समजतं. मिटन (जाड हातमोजे) काढून डायल फिरवेपर्यंत लाली ओसरलेली. एवढं करून पदरात काय, तर समोरच्याची सॅक! चेहऱ्यासाठी मागे वळावं तर मागच्याचा हेडलॅम्प थेट लेन्समध्ये.

दुरून काढताना घाई नसते. अंधारात ट्रायपॉडवर वीस-तीस सेकंदांचं एक्स्पोजर दिलं की हेडलॅम्पची रेघ उतारभर उमटते. मग ऊन शिखरावरून खाली सरकू लागतं आणि ते माणसांना कुठे गाठणार याचा अंदाज बांधता येतो. जागा मात्र नकाशा बघून निवडा. आल्प्समधल्या कॉस्मिक हट या गिर्यारोहकांच्या निवाऱ्याजवळून मों ब्लां द्यु ताक्युल शिखरावर चढणाऱ्यांच्या दिव्यांची रांग झकास दिसते, पण तो उतार वायव्येकडचा, त्यामुळे सकाळचं कोवळं ऊन त्या माणसांवर पडत नाही. शिवाय चालणाऱ्यापेक्षा थांबलेला जास्त गारठतो. जादा बॅटऱ्या आतल्या खिशात, अंगाला लागून ठेवा.

तुम्ही स्वतः दोर चालवत असाल, किंवा फोटोंसाठी वेगळा दोर मिळणार असेल, तर कदाचित तुमचं मत वेगळं पडेल. दुसऱ्यांच्या दोरावर पाहुणे म्हणून जाणार असाल तर मी ७०-२००च सुचवेन, तीही एफ/४ची. जास्त उजेड घेणाऱ्या पण जड एफ/२.८चं ओझं वाहण्यापेक्षा आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) थोडा वाढवलेला परवडतो.