चॅटबॉटनं इंग्रजी वाचन सुधारतं का? आठ महिने वापरल्यावरचा अनुभव

मी डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात समाजशास्त्रात एम.ए. करतोय. बारावीपर्यंत हिंगोली जिल्ह्यातल्या मराठी शाळेत होतो. इंग्रजीत पास होत गेलो, पण सलग दोन पानं वाचली आणि कळली, असं कधी झालं नव्हतं. मागच्या जुलैत बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेला जातींवरचा निबंध अभ्यासाला घेतला. ज्यांच्या नावाच्या विद्यापीठात शिकतो त्यांचंच इंग्रजी आपल्याला वाचता येऊ नये, हे फार लागलं मनाला. तेव्हापासून चॅटबॉट वापरतोय.

पहिले दोन-तीन महिने वाया गेले. उतारा टाकायचा, 'मराठीत सांग' म्हणायचं, वहीत उतरवून घ्यायचं. निबंध संपला, पण दुसरा कुठलाही उतारा समोर आला की तिसऱ्या ओळीलाच गाडी अडायची.

ऑक्टोबरपासून क्रम उलटा केला. आधी परिच्छेद स्वतः दोनदा वाचायचा, पेन्सिलनं कर्ता-क्रियापद शोधायचं, कळेल तसा अर्थ मराठीत लिहायचा. मग तो चॅटबॉटला देऊन विचारायचं, 'माझं कुठं चुकलं?' आपल्याकडं क्रियापद शेवटी येतं, इंग्रजीत ते कर्त्यामागोमाग येतं आणि पुढं 'विच', 'दॅट' लागून शेपूट वाढत जातं. ते शेपूट तोडून दाखव म्हटलं, की एका वाक्याची चार सुटी वाक्यं करून मिळतात. हे काम तो उत्तम करतो. रात्री साडेअकराला दहाव्यांदा विचारा, तरी तितक्याच शांतपणे सांगतो. वर्गात हात वर करायला लाजणाऱ्या माझ्यासारख्याला याची किंमत कळते.

पण डोळे झाकून विसंबू नका. त्या निबंधात 'सरप्लस वुमन' असा शब्द आहे. चॅटबॉट म्हणाला, लोकसंख्येत पुरुषांपेक्षा जास्त असलेल्या बायका. मला पटेना. मागचं पान परत वाचलं तर तिथं स्वच्छ लिहिलेलं: जातीतल्या जातीतच लग्नं करायची तर स्त्री-पुरुषांची संख्या जुळलेली राहावी लागते, नवरा आधी गेला की मागं उरलेली विधवा ती 'सरप्लस'. सती, सक्तीचं वैधव्य, मुलींची लहानपणीच लग्नं, हे सगळं बाबासाहेब तिथूनच उलगडतात. चॅटबॉटचा अर्थ धरला असता तर निबंधाचा गाभाच हातून गेला असता. उतारा न देता नुसतं पुस्तकाचं नाव सांगितलं तर आणखी पंचाईत: एकदा त्यानं पान क्रमांकासकट वाक्य दिलं, ग्रंथालयातल्या प्रतीत त्या पानावर ते नव्हतंच.

परभणीला कृषी विद्यापीठात शिकणारा मित्र म्हणतो, "मला सारांश पुरतो, कामून एवढं वाचत बसायलास?" त्याला खताची मात्रा हवी असते, म्हणून त्याचं भागतं. माझ्या विषयात मांडणीच महत्त्वाची. माझी रूममेट मंडळी नेटची, म्हणजे प्राध्यापकपदासाठीच्या पात्रता परीक्षेची, तयारी करतात. त्यांनाही सारांशानं उताऱ्यावरचे प्रश्न सुटेनात, म्हणून दोघं आता पेन्सिल घेऊन बसतात.

चॅटबॉटचं मराठी मात्र जड. 'परिप्रेक्ष्य' वगैरे आलं की मी 'घरी आईला सांगतोस तसं सांग' म्हणतो, मग जमतं. फुकटातली मर्यादाही नेमकी परीक्षेच्या आदल्या रात्री संपते.

जुलैत एका पानाला पाऊण तास लागायचा, आता पंधरा मिनिटं. सध्या बाबासाहेबांचं १९३६ सालचं, लाहोरला होऊ न शकलेलं भाषण वाचतोय. पहिली वीस पानं चॅटबॉट न उघडता झालीत. अडलेले एकतीस शब्द समासात लिहून ठेवलेत, ते रविवारी एकदमच विचारीन.