ठाण्याच्या दमट हवेत लोकरीचं तल्लीत: चार ऋतूंनंतरचा अनुभव

बार मित्स्वापासून, म्हणजे तेराव्या वर्षाच्या ज्यू विधीपासून, सुती, रेशमी आणि पॉलिएस्टर असं सगळं वापरून झाल्यावर मागच्या रोश हशानाला, म्हणजे ज्यू नववर्षाला, मी पातळ विणीचं लोकरी तल्लीत घेतलं. त्यानंतर थंडी, मे महिना आणि एक अख्खा पावसाळा त्याने काढला. कोकणपट्टीच्या हवेत लोकर अंगावर घ्यावी का, असं समाजातले बरेच जण विचारतात. माझं उत्तर: जरूर घ्यावी, फक्त जाड विणीची नको.

बेने इस्राएल, म्हणजे आमच्या कोकणातल्या ज्यू समाजातले, नसलेल्या वाचकांसाठी थोडं सांगतो. तल्लीत म्हणजे सकाळच्या प्रार्थनेला पांघरायची चौकोनी शाल. तिचं खरं मोल चार कोपऱ्यांना ओवलेल्या दोऱ्यांचं, म्हणजे सिसीथचं आहे. वस्त्राच्या कोपऱ्यांना झालर लावा, ती पाहा आणि देवाच्या सगळ्या आज्ञा आठवा, असं तोरा या ज्यू धर्मग्रंथात, गणना या पुस्तकाच्या १५व्या अध्यायात सांगितलं आहे. संध्याकाळी तल्लीत घेत नाहीत, अपवाद योम किप्पूर या प्रायश्चित्ताच्या उपवासाच्या आदल्या संध्याकाळच्या कोल निद्रे प्रार्थनेचा. तिशा बेआव या शोकाच्या उपवासाला सकाळऐवजी दुपारच्या प्रार्थनेला घेतात.

लोकरच का, याला शास्त्राचा आधार आहे. १६व्या शतकात योसेफ कारो यांनी शुल्हान आरुख या धर्मनियमांच्या ग्रंथात लिहिलं की मेंढीची लोकर आणि जवसाच्या धाग्याचं कापड, म्हणजे लिनन, यांनाच तोराच्या मूळ आज्ञेने सिसीथ लागते; बाकी कापडांना ती रब्बींच्या, म्हणजे धर्मगुरूंच्या, आदेशाने लावायची. अश्केनाझींचे, म्हणजे मध्य आणि पूर्व युरोपातल्या ज्यूंचे, धर्मगुरू मोशे इसर्लिस यांचं मत वेगळं होतं. आपण सेफार्दी, म्हणजे मूळच्या स्पेनकडच्या ज्यूंच्या, पद्धतीने चालणारे, म्हणून मला लोकर पटते. मात्र लोकर आणि लिनन एकत्र विणलेलं, म्हणजे शाअत्नेज, अजिबात चालत नाही.

वापरताना जाणवलेला सगळ्यात मोठा फरक म्हणजे लोकर खांद्यावर बसते. रेशमी आणि पॉलिएस्टर दर दोन मिनिटांनी घसरतं आणि अमिदा ही उभ्याने म्हणायची मुख्य प्रार्थना चालू असताना हात तिकडेच जातो. तल्लीत पांघरताना म्हणायच्या आशीर्वादात शब्द आहे ‘लेहित्आतेफ’, म्हणजे गुंडाळून घेणं. आशीर्वाद म्हणून डोक्यावरून पांघरायचं, क्षणभर तसंच थांबायचं, मग खांद्यांवर सोडायचं. गळ्यात मफलरसारखं लटकणाऱ्या अरुंद पट्टीत हे होतच नाही. म्हणून माप मोठंच घ्या, पाठ झाकली गेलीच पाहिजे.

सिसीथबद्दल मला सगळ्यात जास्त लिहायचं आहे, कारण दुकानात लोक गळपट्टीची जर बघतात आणि दोरे बघतच नाहीत. प्रत्येक कोपऱ्याच्या छिद्रातून चार दोरे ओवून दुमडले की आठ टोकं होतात. त्यातला एक लांब दोरा बाकीच्यांभोवती गुंडाळतात आणि मधेमधे दुहेरी गाठी मारतात, एकूण पाच. अनेक सेफार्दी १०, ५, ६, ५ असे वेढे देतात. बेरीज २६, देवाच्या चार अक्षरी हिब्रू नावातल्या अक्षरांचं अंकमूल्य. अश्केनाझींचे ७, ८, ११, १३ मिळून ३९ होतात. दोरे सिसीथच्या हेतूनेच कातलेले असावे लागतात, म्हणून हातकताईचे महाग पडतात. पण पैसे तिथेच घाला. माझ्या दोऱ्यांचा पीळ अजून घट्ट आहे. रोज आशीर्वादाआधी दोरे बोटांनी सोडवून तपासतो, त्यामुळे गुंताही होत नाही. शेमा ही देव एक असल्याची प्रार्थना म्हणताना चारही कोपरे एकत्र धरून चुंबन घेतो, तेव्हा चांगला दोरा हाताला कळतो.

निळा, म्हणजे तेखेलेतचा दोरा मी घेतला नाही. म्युरेक्स जातीच्या सागरी गोगलगायीपासून तो रंग आता इस्राएलमध्ये पुन्हा बनवतात. पण तोच तो प्राचीन रंग का, यावर रब्बींमध्ये एकमत नाही. शिवाय किंमत बरीच आहे.

आता हवेचं. मे महिन्यात पंख्याखाली पातळ लोकर सहन होते, जाड विणीत जीव गुदमरतो. खरी कसोटी जुलै-ऑगस्टची. कापडी पिशवीत बंद राहिलं की कुबट वास येतो, म्हणून घरी आल्यावर तासभर पंख्याखाली पसरतो. प्लास्टिकची पिशवी नकोच. कसरीसाठी कपाटात कडुनिंबाचा पाला ठेवतो, डांबराच्या गोळ्यांचा वास लोकरीत मुरतो. मशीन वॉश करू नका, लोकर आटते. कोपरे छोट्या सुती पिशव्यांत बांधून थंड पाण्यात हलक्या हाताने धुवा आणि सावलीत आडवं वाळत घाला. घामाने गळपट्टी आधी पिवळी पडते. तिला आतून सुटं अस्तर लावून घेतलं तर तेवढंच काढून धुता येतं.

रंगाला काही बंधन नाही. काळ्या पट्ट्यांचं अश्केनाझींत जास्त दिसतं, मी सेफार्दींसारखं पांढऱ्यावर पांढरे पट्टे असलेलं घेतलं. डाग लवकर दिसतात, तरी मला तेच प्रिय आहे.

मुलाच्या बार मित्स्वासाठी घेत असाल तर चकचकीत पॉलिएस्टरचा सेट घेऊ नका. अनेक अश्केनाझींकडे तल्लीत लग्नानंतर येतं, आपल्याकडे मुलगा तेराव्या वर्षीच पांघरतो. त्याच तल्लीतची लग्नात हुप्पा, म्हणजे वधूवरांवरचं छत, होऊ शकते, आणि इस्राएलबाहेर बऱ्याच ठिकाणी माणसाला त्यातच, एका कोपऱ्याची सिसीथ कापून, दफन करतात. तेव्हा बजेट कमी असेल तर जरीची गळपट्टी आणि भरतकामाची पिशवी सोडा. लोकर आणि दोरे मात्र चांगलेच घ्या.